निवास व न्याहारी : घरगुती पाहुणचाराचा व्यवसाय आणि घरातील श्रम
(विशेष संदर्भ : दिवेआगर-श्रीवर्धन परिसर)

बीजसंज्ञा : निवास व न्याहारी, घरगुती पर्यटन, स्त्रीश्रम, भावनिक श्रम, कोकण किनारपट्टी

प्रस्तावना :

कोकणच्या किनाऱ्यावरील बहुतेक गावांच्या वेशीपाशी ‘घरगुती राहण्या-जेवणाची उत्तम सोय’ अशी पाटी आज हटकून दिसते. पाटीवरील इतर शब्द कोणत्याही खाणावळीच्या वा लॉजच्या पाटीवर असतात तेच आहेत. वेगळा आहे तो ‘घरगुती’ हा शब्द, आणि गिऱ्हाईक येते ते बव्हंशी त्या शब्दासाठीच. या व्यवसायात खोली विकली जाते, न्याहारी विकली जाते, हे उघड आहे. त्याखेरीज एका कुटुंबाचा दिवस विकला जातो, ही गोष्ट मात्र हिशेबाच्या वहीत कोठेही दिसत नाही. प्रस्तुत लेखात रायगड जिल्ह्यातील दिवेआगर-श्रीवर्धन परिसर डोळ्यांसमोर ठेवून या व्यवसायाचा दिनक्रम, त्याचे अर्थकारण आणि त्यातील स्त्रीश्रमाचे स्थान यांचा विचार केला आहे.

संकल्पना व पूर्वपीठिका :

‘निवास व न्याहारी’ हा शब्दप्रयोग महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाच्या याच नावाच्या योजनेमुळे मराठीत रूढ झाला. केंद्र शासनाच्या पर्यटन मंत्रालयाचीही ‘अतुल्य भारत’ या नाममुद्रेखाली अशीच योजना असून तीत घरातील किमान १ व कमाल ६ खोल्या पाहुण्यांना देता येतात. सुवर्ण व रौप्य अशा दोन श्रेणी आहेत. या योजनेतील सर्वांत महत्त्वाची अट खोल्यांच्या संख्येची नसून वास्तव्याची आहे. मालकाने कुटुंबासह त्याच वास्तूत राहिले पाहिजे. हॉटेलचा मालक हॉटेलात राहत नाही म्हणून हॉटेलचे काही बिघडत नाही. येथे मात्र मालक घर सोडून गेला की व्यवसायाची व्याख्याच मोडते.

न्याहारी हा शब्दही येथे आपला मूळ संदर्भ सोडून आला आहे. कष्टकरी घरात सकाळच्या कामाचा पहिला टप्पा उरकल्यावर घेतलेले पेज-भाकरीचे खाणे म्हणजे न्याहारी. पर्यटकाची न्याहारी कामानंतरची नसते, उशिरा उठल्यानंतरची असते. आणि ती रांधणाऱ्या बाईची स्वतःची न्याहारी त्यानंतर होते.

पैसे घेऊन परक्याला घरात ठेवण्याची पद्धत महाराष्ट्राला नवी नाही. पंढरपूर, त्र्यंबकेश्वर यांसारख्या तीर्थक्षेत्री उपाध्यायांच्या घरी यात्रेकरूंची उतरण्याची व भोजनाची व्यवस्था पिढ्यान्‌पिढ्या होत आली आहे. मात्र तेथे यजमान व उपाध्याय यांचे नाते धर्मविधीने बांधलेले होते, दक्षिणेच्या रूपाने येणाऱ्या पैशाला भाडे म्हणत नसत. इंग्लंडमध्ये ब्लॅकपूलसारख्या समुद्रकाठच्या गावांत गिरणी कामगारांच्या सुट्टीवर उभा राहिलेला खोल्यांचा व्यवसाय मुख्यत्वे घरमालकिणींनी चालवला. इतिहासकार जॉन वॉल्टन यांनी १९७८ साली ‘द ब्लॅकपूल लँडलेडी’ हा स्वतंत्र ग्रंथ लिहून त्याचा सामाजिक इतिहास मांडला. ग्रंथाचे शीर्षकच व्यवसायाचा कणा कोण हे सांगते. आपल्याकडे ‘होम स्टे’ची चर्चा होते ती प्रामुख्याने पर्यटन धोरणाच्या अंगाने, घरमालकिणीच्या अंगाने ती अद्याप फारशी झालेली नाही.

दिवेआगर : वाडीकडून खोलीकडे :

श्रीवर्धन तालुक्यातील दिवेआगर हे प्राचीन गाव आहे. शके ९८२ म्हणजे इ. स. १०६० मधील येथील ताम्रपट मराठीच्या आरंभीच्या लेखांमध्ये गणला जातो, त्यामुळे भाषेच्या अभ्यासकांना गावाचे नाव परिचित आहेच. गावाचे अर्थकारण मात्र ताम्रपटावर नव्हे, नारळ-सुपारीच्या वाडीवर चालत आले. श्रीवर्धनची रोठा सुपारी प्रसिद्ध आहे. घर, घरामागे विहीर, विहिरीमागे वाडी आणि वाडीपलीकडे केवड्याचे बन व समुद्र, अशी येथील घरांची जुनी मांडणी. पुढे पर्यटकाला जे ‘दृश्य’ म्हणून विकले गेले ते मुळात उत्पादनाचे साधन होते.

१७ नोव्हेंबर १९९७ रोजी येथील एका वाडीत खोदकाम करताना ताम्रपेटीत गणपतीचा सोन्याचा मुखवटा सापडला आणि गावाकडे भाविकांचा ओघ सुरू झाला. आलेल्या माणसाला जेवायला हवे होते, मुक्काम करायचा तर पाठ टेकायला जागा हवी होती, हॉटेले नव्हती. ओटीवरची खोली रिकामी करणे, पुढे पडवी बंद करून तिची खोली करणे, नंतर वाडीच्या कडेला न्हाणीघरासह दोन खोल्या बांधणे असे टप्पे पुढील काही वर्षांत घरोघर पडत गेले. पुण्याहून ताम्हिणी घाटाने व माणगावमार्गे, तर मुंबईहून गोवा महामार्गाने येणारा शनिवार-रविवारचा पाहुणा हा या व्यवसायाचा पाया ठरला.

२४ मार्च २०१२ रोजी मंदिरावर दरोडा पडला. दोन रखवालदारांचा त्यात मृत्यू झाला आणि मुखवटा चोरीस गेला. भाविकांचा ओघ आटला, तरी खोल्यांसाठी काढलेल्या कर्जाचे हप्ते चालूच राहिले. तोवर समुद्रकिनारा हे स्वतंत्र आकर्षण झाले होते, म्हणून व्यवसाय तरला. मुखवट्याची पुनःस्थापना झाली ती नोव्हेंबर २०२१ मध्ये. मधल्या काळात त्याहून मोठा आघात होऊन गेला होता. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, एप्रिल-मेचा हंगाम बुडाला आणि ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळले. छपरे उडाली, नारळ-सुपारीची झाडे रांगेने आडवी झाली, वीज दीर्घकाळ गेली. सुपारीचे नवे झाड उत्पन्न देऊ लागण्यास ५ ते ८ वर्षे लागतात. वाडी हा मुख्य व्यवसाय आणि खोल्या हा जोडधंदा, हे जुने गणित वादळानंतर अनेक घरांत उलटे झाले. पंचनाम्यात घराला, छपराला, झाडाला रकाना असतो. बुडालेल्या हंगामाला नसतो.

दिनक्रम :

या व्यवसायाचा आठवडा सोमवारी सुरू होत नाही. तो गुरुवारी दूरध्वनीने सुरू होतो. “किती माणसे? मुले किती? जेवण शाकाहारी की मासे? मोदक हवेत का?” हे चार प्रश्न पाठ असतात, आणि त्यांची उत्तरे शुक्रवारी रात्रीपर्यंत बदलत राहतात. आठ म्हणणारे अकरा येतात, अकरा म्हणणारे सहा. नारळ घरचा असला तरी मासळी, दूध, भाजी, गॅस यांची तजवीज संख्येवरच करावी लागते. मोठ्या हॉटेलात चार माणसे कमी-जास्त झाली तर समजत नाही. दोन खोल्यांच्या घरात ती चार माणसे म्हणजे निम्मा धंदा असतो.

उकडीच्या मोदकाचे उदाहरण येथे बोलके ठरेल. मोदक आधी करून ठेवता येत नाहीत. उकड गरम असतानाच मळावी लागते, थंड झाली की पारीला चिरा पडतात. आणि मोदक वाढायचे ते वाफाळते, वर तूप सोडून. बारा माणसांना माणशी पाच म्हणजे ६० मोदक. सराईत हाताला एका मोदकास दोन मिनिटे धरली, तरी केवळ वळण्याचेच दोन तास होतात. नारळ खवणे, पुरण शिजवणे, उकड काढणे, उकडून घेणे हे वेगळे. ताटाचा दर ठरतो तो मात्र शेजारच्या घराच्या दरावरून. तासांवरून तो ठरल्याचे कधी ऐकिवात नाही.

शुक्रवारी पाहुणे बहुधा रात्री उशिरा पोहोचतात. घाटात फोन लागत नाही, त्यामुळे ‘अर्ध्या तासात येतो’ या वाक्यावर घर मध्यरात्रीपर्यंत जागे राहते. आल्यावर ओळखपत्र पाहून नोंदवहीत नोंद करणे, खोली दाखवणे, गरम पाण्याचे सांगणे, कोणी उपाशी असल्यास मुगाच्या खिचडीचा कुकर लावणे. पहाटे साडेपाचला विहिरीवरचा पंप सुरू करून टाक्या भरून घ्याव्या लागतात, कारण वीज आठला असेलच अशी खात्री नसते. आंबोळीचे पीठ आदल्या दिवशी आंबवलेले असते. आंबोळ्या किंवा घावन, नारळाची चटणी, नाहीतर पोहे. एकत्र खाणारा पाहुणा दुर्मिळ. आठपासून अकरापर्यंत तवा चालू राहतो. त्यानंतर पाहुणे समुद्रावर जातात आणि घरातली माणसे न्हाणीघरातील वाळू काढू लागतात. वाळू ही या व्यवसायातील खरी शत्रू आहे असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. ती मोरीत साठते, चादरीत राहते, टाकीवरच्या तोट्या बिघडवते.

रविवारी दुपारी पाहुणे निघाले की धुणे निघते. दोन खोल्यांतील दोन मुक्कामांच्या चादरी, उशांचे अभ्रे, पंचे, अंथरुणे मिळून तीस-पस्तीस नग सहज होतात. उन्हाळ्यात ते दोन तासांत वाळतात. पावसाळ्यात चार दिवस वाळत नाहीत आणि कपड्यांना कुबट वास धरतो. पावसाळ्यातील सप्ताहान्ताचे पाहुणे काही घरे परत पाठवतात ती खोल्या रिकाम्या नसतात म्हणून नव्हे, कोरडी चादर नसते म्हणून.

ऋतुचक्राशी या व्यवसायाचे भांडण आहे. एप्रिल-मे हा पर्यटनाचा भर. कोकणातील घरात आगोटीची बेगमी करण्याचे दिवसही हेच. पापड, सांडगे, कोकम, आंब्याची साठे, सुकी मासळी, लाकूडफाटा हे सारे पहिल्या पावसाआधी व्हावे लागते. सुपारी काढण्या-वाळवण्याचे दिवस आणि दिवाळी-नाताळच्या सुट्ट्या एकमेकांवर येतात. वार्षिक परीक्षेच्या तोंडावर धुळवडीची जोडून सुट्टी आली की घरातील मूल स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात पुस्तक घेऊन बसते, कारण त्याची खोली दिलेली असते. गणेशोत्सवात मुंबईचे चाकरमानी आप्त घरी येतात. त्या दिवसांत पाटी झाकून ठेवणारी घरे अजून आहेत आणि भावकीला एका खोलीत दाटून बाकीच्या खोल्या देणारीही आहेत. कोणते घर कोणता पर्याय निवडते यावरून त्या घरात व्यवसाय कितपत मुरला आहे याचा अंदाज बांधता येतो.

पुढचे दार, मागचे दार :

समाजशास्त्रज्ञ एर्व्हिंग गॉफमन यांनी १९५९ साली सामाजिक व्यवहाराची ‘दर्शनी’ व ‘पडद्यामागील’ अशी दोन क्षेत्रे कल्पिली. डीन मॅककॅनेल यांनी १९७३ मध्ये हीच कल्पना पर्यटनाला लावून दाखवले की, पर्यटकाला पडद्यामागचे, ‘खरे’ जीवन पाहायचे असते आणि म्हणून ते त्याच्यासाठी मांडून ठेवले जाते. निवास व न्याहारीच्या घराची अडचण अशी की, येथे पडदा टांगायला जागाच नसते. ओटी, माजघर, स्वयंपाकघर, मागील दार ही सरळ रेषा आहे. चहा मागायला पाहुणा माजघरापर्यंत येतो. कौतुकाने स्वयंपाकघरात डोकावून छायाचित्रही घेतो. त्या क्षणी सासू-सुनेत धुसफूस चालू असेल, कोणी आजारी असेल, तर चेहरा बदलावा लागतो.

आर्ली हॉक्सचाइल्ड यांनी १९८३ च्या ‘द मॅनेज्ड हार्ट’ या ग्रंथात विमानातील परिचारिकांच्या अभ्यासातून ‘भावनिक श्रम’ ही संकल्पना मांडली. वेतनासाठी स्वतःच्या भावना आवरणे व समोरच्याला हव्या तशा दाखवणे असा तिचा ढोबळ अर्थ. परंतु विमान उतरले की परिचारिकेची पाळी संपते. घरमालकिणीची पाळी संपण्याची वेळ ठरलेली नसते. शिवाय येथे भावना पूर्णतः नाटकी असते असेही नाही. वर्षानुवर्षे येणारी कुटुंबे मुलांच्या मुंजी-लग्नांची निमंत्रणे पाठवतात, लोणच्याच्या बरण्या घेऊन जातात, ‘काकू’ म्हणतात. हे नाते खरे असते आणि त्याच नात्यामुळे दर वाढवणे कठीण होते. काकूंनी दोनशे रुपये जास्त मागावेत हे पाहुण्याला खटकते. त्याहून अधिक ते काकूंनाच खटकते. ‘घरगुती’ या शब्दाची किंमत अशा रीतीने दुसऱ्या बाजूनेही चुकवली जाते.

हिशेब :

पुढील आकडे कोणत्याही विशिष्ट घराचे नाहीत. गणिताची रीत स्पष्ट व्हावी यासाठी योजलेले ते काल्पनिक उदाहरण आहे. दोन खोल्यांचे घर, न्याहारीसह खोलीचा दर २,००० रुपये. वर्षातील ३५ सप्ताहान्तांचे प्रत्येकी दोन मुक्काम आणि सुट्ट्यांतील आणखी २० मुक्काम मिळून ९० रात्री. दोन्ही खोल्या भरल्या असे मानल्यास १८० खोली-रात्री. एकूण जमा ३,६०,००० रुपये. खर्च : न्याहारी-चहाचे साहित्य ४५,०००, वीज ४५,०००, धुलाई, साबण व चादरींची नव्याने खरेदी ३०,०००, निम्म्या आरक्षणांवर ऑनलाइन मंचांचे १५ टक्के दलाली म्हणून २७,०००, रंग, गळती, पंप, इन्व्हर्टर यांची दुरुस्ती ४८,०००, मदतनीस बाईस ४०० रुपये रोजाने १०० दिवसांचे ४०,०००. एकूण खर्च २,३५,००० रुपये. शिल्लक १,२५,००० रुपये. हा आकडा कुटुंब ‘नफा’ म्हणून सांगते.

आता तासांकडे पाहू. पाहुण्यांचे व आवराआवरीचे मिळून सुमारे १२५ दिवस. घरातील स्त्रीचे दररोज ८ तास म्हणजे १,००० तास. पुरुषाचे बाजारहाट, पंप, आरक्षण, वाटाड्याचे काम असे ४ तास म्हणजे ५०० तास. मदतनीस बाईला सहा तासांचे ४०० रुपये, म्हणजे तासाला सुमारे ६७ रुपये मिळतात. तोच दर घरच्या माणसांना लावला तर १,५०० तासांचे सुमारे १,००,००० रुपये होतात. नफा उरतो २५,००० रुपये. खोल्या बांधण्यास १२ लाख रुपये लागले असतील आणि ९ टक्के व्याज धरले तर वर्षाचे व्याजच १,०८,००० रुपये. कुटुंबाने स्वतःला मजुरी दिली असती तर व्यवसाय तोट्यात गेला असता. तो चालतो, कारण मजुरी दिली जात नाही. आणि न दिलेल्या मजुरीतील दोन तृतीयांश वाटा घरातील स्त्रीचा आहे.

यावर घेतला जाणारा आक्षेप विचारात घेण्यासारखा आहे. वाडीत उत्पन्न नाही, जवळपास नोकरी नाही. अशा ठिकाणी त्या १,५०० तासांना दुसरा खरेदीदार कोठे आहे? घर ओस पडण्यापेक्षा, मुलगा मुंबईला दहा बाय दहाच्या खोलीत राहण्यापेक्षा हे बरे नव्हे काय? पुष्कळ अंशी हे खरे आहे. चार माणसांशी बोलण्याचा, स्वतःच्या हाताने पैसे मोजून घेण्याचा आत्मविश्वास या व्यवसायाने अनेक स्त्रियांना दिला, हेही नाकारता येत नाही. पण श्रमाला पर्याय नाही म्हणून त्याची नोंदही करू नये, हा निष्कर्ष त्यातून निघत नाही. नोंद नसेल तर दर ठरवताना तो श्रम शून्य धरला जातो, कर्ज काढताना तिसरी खोली फायद्याची भासते, आणि खोल्या वाढल्या की वाढतात ते मुख्यतः न मोजलेले तास. मदतनीस बाईचा प्रश्नही याला जोडलेला आहे. तिचा रोज वाढवण्याचा विचार निघाला की ‘आम्हीसुद्धा राबतोच की’ हे उत्तर येते; घरच्या स्त्रीचा फुकट श्रम हाच तिच्या मजुरीचा मापदंड होतो.

मालकी, नोंदणी व धोरण :

कायदेशीर बाजू थोडक्यात सांगण्यासारखी आहे. अन्नसुरक्षा कायद्याखालील नोंदणी, ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला, पाहुण्यांची नोंदवही, परदेशी पाहुणा आल्यास २४ तासांत ऑनलाइन माहिती देणे, ही कामे कुटुंबातील मोबाइल हाताळणारी तरुण व्यक्ती करते. वस्तू व सेवा कराच्या नोंदणीमर्यादेखाली ही घरे बहुधा राहतात. अशा घराची खोली ऑनलाइन मंचावरून विकली गेल्यास कर भरण्याची जबाबदारी मंचाची असते.

खरा गुंता आहे तो मालकीचा. महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये ‘आई’ हे महिलाकेंद्रित पर्यटन धोरण मंजूर केले. त्यानुसार महिलांच्या मालकीच्या व महिलांनी चालवलेल्या नोंदणीकृत पर्यटन व्यवसायासाठी १५ लाख रुपयांपर्यंतच्या कर्जावरील व्याजाचा परतावा ठरावीक मर्यादेत, कमाल ७ वर्षे दिला जातो. निवास व न्याहारी हा व्यवसाय या धोरणाच्या हेतूला जितका जुळतो तितका क्वचितच दुसरा जुळत असेल, कारण तो आधीपासून स्त्रियाच चालवत आहेत. परंतु चालवणे आणि मालकी यांत अंतर आहे. कोकणातील घर-जमिनीवर बहुधा अनेक सहहिस्सेदारांची नावे असतात. त्यांतील काही मुंबईत, काही परदेशात, काही दिवंगत. वारस नोंद रखडलेली असते. सुनेचे नाव सात-बाऱ्यावर असण्याचे कारणच नसते. बँक तारण मागते तेव्हा ज्या बाईने वीस वर्षे तवा सांभाळला तिच्यापाशी दाखवायला कागद नसतो. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये पती-पत्नी दोघांची नावे लावण्याची ‘घर दोघांचे’ मोहीम या दृष्टीने उपयुक्त आहे. मात्र घराच्या नोंदीत नाव लागले तरी जमिनीच्या सामाईक हिश्शाचा प्रश्न सुटत नाही.

मालकी न बदलताही करता येण्याजोग्या काही गोष्टी आहेत. व्यवसायाची नोंदणी व आरक्षणाचे बँक खाते स्त्रीच्या नावे उघडण्यास सर्व सहहिस्सेदारांच्या सह्या लागत नाहीत. भाडेकरार वा संमतिपत्रावर काम भागू शकते. वाणिज्य व अर्थशास्त्र विभागांतील विद्यार्थ्यांकडून प्रकल्पाच्या निमित्ताने एका हंगामाची तासवही भरून घेता येईल. कोण किती वाजता उठले, कोणी किती चादरी धुतल्या, कोणी किती वेळ फोनवर घालवला, एवढीच नोंद त्यात हवी. ती तिसरी खोली बांधण्याआधी झाली तर अधिक उपयोगी. श्रीवर्धन, म्हसळा, माणगाव येथील महाविद्यालयांत असे अनेक विद्यार्थी आहेत ज्यांच्या स्वतःच्या घरावर ‘घरगुती सोय’ ही पाटी आहे. वहीच्या पहिल्या पानावरील नाव त्यांच्या आईचे किंवा आजीचे असेल.